मांजर जिवंत करायला गेलो

आधी चहा संपवा, मग ऐका. नाहीतर हसताना नाकातून येईल आणि बोल मला लागेल.

आमच्या मोगलाईत, म्हणजे निजामाच्या राज्यात, तेव्हा मुका सिनेमा तंबूतून यायचा. चित्रं बोलायची नाहीत, म्हणून पडद्याशेजारी काठी घेऊन गोष्ट सांगणारा लागायचा. तो मी! तोंडाला कुलूप नव्हतंच, त्याचीच नोकरी लागल्यावर काय विचारता?

माजलगावच्या बाजाराला आम्ही एक परदेशी रीळ आणलं. त्यात माणसं नव्हतीच, सगळी हातानं काढलेली चित्रं, आणि ती पळायची! मी न बघताच दवंडी पिटली, 'खास लेकरांसाठी!' तंबूला जागा देणाऱ्या पाटलांची नात गोदी पहिल्या रांगेत येऊन बसली.

खास लेकरांसाठी कसलं? सुरुवातीलाच राक्षस पोट फुगवून पडलेला, पोटात एक पोरगं. पोराच्या मांजरीनं पोट फाडून त्याला बाहेर काढलं. तेवढ्यात राक्षसाचा जबडा मांजरीवर पडला. पोरानं तिला पुरलं आणि रीळ संपलं. तंबूभर भोकाड! मी आपला घाबरून बोलून गेलो, "रडू नका रे, उद्या मांजर जिवंत होणार आहे."

सकाळी पाटील दारात. "गोदी कालपासून जेवली न्हाई. मांजर उठल्याबिगर घास घेत न्हाई म्हनती. आज उठली न्हाई तर तंबू उचला."

तंबूचे आणि मशीनचे मालक रज्जाकभाई. त्यांना म्हटलं, रीळ उलटं फिरवा. ते म्हणाले, "मशीन उलटी फिरती, पन किस्सा बी उलटा फिरता ना, मियाँ."

ऐकेल तो मी कसला?

संध्याकाळी मांजर मातीतून उठली. काय टाळ्या! मी फुशारक्या मारतोय, तोवर पोरगं मागं मागं चालत राक्षसाच्या पोटात शिरलं, वरून पोट मिटलं, आणि रीळ संपलं. कालच्या दुप्पट भोकाड!

सुलटं लावावं तर मांजर जाते, उलटं लावावं तर पोरगं. पाटील माझ्याकडे बघायला लागले. गोदी डोळे पुसून म्हणाली, "आबा, राक्षसाला ह्ये काका द्या. लई मोठे हायेत. ह्येनला खाल्लं की मांजर वाचंल."

पाटील हसले नाहीत. "चल बे, पडद्याम्होरं हुबा ऱ्हा."

राहिलो. रीळ सुलटं लागलं. पोरगं बाहेर आलं, मांजरीवर पडायचा तो जबडा माझ्या फेट्यावर मिटला, मी जीव खाऊन ओरडलो आणि रज्जाकभाईंनी तिथंच मशीनपुढं हात धरला. अंधार! मांजर वाचली, पोरगं वाचलं. गोदीनं घरी जाऊन भाकरी खाल्ली.

दुसऱ्या दिवशी रज्जाकभाईंनी मला न विचारता नवी दवंडी दिली, 'बोलणाऱ्याला राक्षस खातो, या आणि बघा!' तंबूत पाय ठेवायला जागा नाही. म्हातारेकोतारेसुद्धा आले.

इतके दिवस घसा फोडून जमली नव्हती तेवढी माणसं, माझं तोंड बंद होताना बघायला जमली होती.