येस का वं?

आधीच सांगते, भुताखेतांच्या गोष्टींचा मला मनस्वी कंटाळा आहे. या सदरातले अनुभव वाचून मी दर वेळी नाक मुरडते. कोणाला पांढरी साडी दिसते, कोणाला पैंजण ऐकू येतात... लोकांना कामधंदे नाहीत, असं माझं स्पष्ट मत होतं आणि बरंचसं अजूनही आहे. पण हा अनुभव माझा स्वतःचा आहे. तो लिहिल्यावाचून मला चैन पडणार नाही, म्हणून लिहिते.

मी शहाद्याची. आमचं मारवाडी घर, बाजारपेठेत कापडाचं दुकान. दुसरं महायुद्ध सुरू होण्याच्या थोडं आधीची गोष्ट; हा सगळा भाग तेव्हा पश्चिम खानदेशात मोडायचा. घरात मारवाडी, ओट्यावर अहिराणी आणि शाळेत मराठी, अशी माझी जीभ तीन ठिकाणी वळायची. त्यात भाईसाने, म्हणजे माझ्या मोठ्या भावाने, चार इंग्रजी शब्द शिकवलेले. मी स्वतःला मडमच समजत असे.

त्या वर्षी भाईसाचं लग्न झालं आणि भाभीसा मारवाडातून आली. माझ्याहून जेमतेम थोडी मोठी. मारवाडीखेरीज तिला काही येत नव्हतं. गडीमाणसं अहिराणीत बोलली की ती बावरून माझ्याकडे बघायची. मग मी तिला शिकवायला घेतलं... अहिराणी नाही, इंग्रजी! माझी अक्कल बघा. शब्दही एकच — येस. मी माजघरातून ओरडायचे, "येस?" की ती स्वयंपाकघरातून म्हणायची, "येस!" आणि घुंघटाआड खुदकन हसायची. त्या घरात तिची हक्काची करमणूक तेवढीच होती.

दिवाळीनंतर गल्लीतल्या बायकांनी प्रकाशा गावी जाऊन तापीत नावेतून फिरायचं काढलं. आजकाल प्रायव्हेट बोट म्हणतात ना, तसलाच प्रकार. नावेत परका माणूस नको, म्हणजे सगळ्यांना घुंघट वर करून मोकळं बसता येईल. नाव ठरवायचं काम माझ्याकडे आलं, कारण अहिराणी फडाफडा बोलणारी मीच. बाबांबरोबर प्रकाशाला केदारेश्वराच्या देवळात गेले, तेव्हा घाटावर सुकदेव नानांना गाठलं. वयस्कर नावाडी, अगदी शांत माणूस.

"नाव बठी तुमनी," नाना म्हणाले, म्हणजे सगळी नाव तुमचीच. "पन काठवरथीन हाक उनी, त माले 'येस' म्हननं पडस. आनि येस म्हनं, का मंग जानंच पडस."

अहिराणीत 'मी येस' म्हणजे मी येतो. काठावरून उतारू ओरडतो, "येस का?" आणि नावाडी नदीतून उत्तर देतो, "येस!" तो शब्द दिला की नाव त्याला घ्यायला गेलीच पाहिजे, ही तिथली रीत. मला ती माहीत होती. पण आमच्या सहलीत असले उतारू कशाला?

"त्या दिन कोनलेच उत्तर देवानं नही, नाना. नाव आमनी शे," मी ठणकावून सांगितलं.

"बरं ताई. मी तोंड उघडाव नही."

ठरल्या दिवशी पडदे लावलेल्या बैलगाड्यांमधून आम्ही प्रकाशाला पोचलो. डब्यांत पुऱ्या, लाडू, लोणचं. उन्हं छान कोवळी होती. नाव मध्यावर आली तशा एकेकीने घुंघट वर केला, गाणी सुरू झाली. भाभीसा माझ्या शेजारी बसून पाण्यात हात घालत होती. सासरी आल्यापासून तिचा चेहरा असा उघड्यावर मी पहिल्यांदाच बघत होते.

तेवढ्यात पलीकडच्या काठावरून हाक आली. बाईचा आवाज.

"येस का वं?"

सुकदेव नाना गप्प राहिले, ठरल्याप्रमाणे. हाक पुन्हा आली. भाभीसाने चमकून माझ्याकडे पाहिलं. तिला त्यातलं 'येस' तेवढं कळलं होतं! कोणीतरी आपला खेळ खेळतंय, असंच तिला वाटलं असणार. ती अर्धवट उभी राहिली आणि हसून मोठ्याने ओरडली, "येस!"

हाका थांबल्या. मी पोट धरधरून हसत होते.

नानांचा चेहरा उतरला होता. "आते जानं पडी, ताई. तिनी येस म्हनं."

"पण कोणी दिसत तर नाही," मी म्हटलं. खरंच काठावर झाऊची झुडपं सोडून काही नव्हतं.

"त्या काठले आठे रस्ता नही, गाव नही. तठली हाकले आम्ही कोनी उत्तर देतस नही." ते नाव वळवू लागले, तशी माझी आई कडाडली, "पराये मिनख नै कोनी बिठाणो! आगै चालो!" परकं माणूस नावेत नको, यावर सगळ्या बायकांचं एकमत झालं. नाव पुढे गेली. वाळूत बसून आम्ही पुऱ्या खाल्ल्या, आणि दिवस मावळायच्या आत घरीसुद्धा आलो.

त्यानंतर भाभीसाला हाका ऐकू येऊ लागल्या. तांदूळ निवडताना, पापड लाटताना, भर दुपारी ती मान वर करून मला, नणंदेला, सांगायची. "बाईसा, कोई बुलावै है." मग उंबऱ्यापर्यंत जाऊन हळूच म्हणायची, "येस." आता ती हसत नसे. मीच तिला त्या शब्दाचा अहिराणी अर्थ सांगितला होता. सांगितला नसता तर बरं झालं असतं का, कोण जाणे... एकदा ती अनवाणी प्रकाशाच्या रस्त्याला लागली. गाडी पाठवून परत आणावी लागली. वैद्य झाले, ताईत झाले. शेवटी घरात ठरलं की मुलीच्या डोक्यात दोष आहे, माहेरच्यांनी लपवला.

भाईसा तिला माहेरी धाडायला नंदुरबार स्टेशनला घेऊन निघाला तेव्हा तिने माझा हात धरला. "बाईसा, नाव भिजवा दीज्यो." नाव पाठवून द्या. एवढंच.

मी मान डोलावली. घरात मात्र ब्र काढला नाही. शब्द मी शिकवला होता, नाव मी ठरवली होती, आणि आगगाडीत ती बसली.

महाशिवरात्रीला आम्ही पुन्हा केदारेश्वराला गेलो; बाबा देवळात शिरल्यावर मी घाटावर आले. "नाना, बठी नाव पाह्यजे. त्या काठले जानं शे." त्यांनी काही विचारलं नाही.

पलीकडच्या काठाला नाव लावून नाना ओरडले, "येस! येस वं माय!"

वारा नव्हता. पाणी संथ होतं. मी एका कडेला बसले होते, समोरची फळी मोकळी. आणि अचानक ती बाजू खाली गेली... कोणी पाय ठेवून चढावं, तशी. पाणी नावेच्या कडेला फासलेल्या डांबराच्या पट्ट्यापर्यंत वर आलं. मी फळी घट्ट धरून बसले. परत येताना नानांना वल्हं ओढवेना, धापा टाकत होते. प्रकाशाच्या घाटाला नाव लागली आणि ती बाजू हलकेच वर आली. आता संपलं, असं मला वाटलं. तेवढ्यात कानाशी आवाज आला, त्या दिवशी हाक मारणाऱ्या बाईचा.

"ती कोठे शे वं?"

मी नानांकडे पाहिलं. त्यांनीही ऐकलं होतं.

"उत्तर दे, ताई. इचारी ऱ्हायनी ती."

मी नावेतून उडी टाकली आणि देवळाकडे पळत सुटले.

प्रवाहाने नाव कलते, हे मलाही कळतं. आवाजाचंही कोणी काही सांगेल. मला स्वतःला आजतागायत काही उलगडलेलं नाही, आणि त्याचं मला एवढं वाटतही नाही. पुढे भाईसाचं दुसरं लग्न झालं. मारवाडातून काही कळलं नाही, आमच्यापैकी कोणी चौकशीही केली नाही. नवी भाभी चांगली होती.

भाभीसा कुठे आहे, हे आमच्या घरात कोणी कधी विचारलं नाही. त्या काठावरच्या तिनेच तेवढं विचारलं.