पांढऱ्या पायाची

आई गेली आणि सातवीतच माझी शाळा सुटली. बाबांनी मला कोकणातून मुलुंडला मामाकडे आणून सोडलं, मामीला मदत होईल म्हणाले, आणि परत गेले. तेव्हा मी चौदा वर्षांची.

त्याच पावसाळ्यात मामाला कारखान्यातून कमी केलं. पाठोपाठ मामीचं तान्हं तापाने फणफणलं. मामी वाईट नव्हती, घाबरलेली होती. मला ती पांढऱ्या पायाची म्हणू लागली, आधी पुटपुटत, मग नळावर बायकांदेखत. मलाही ते खरं वाटू लागलं. बाहेरून आले की आधी बाळाचा श्वास बघायचे.

सुरुवातीला फार रडायचे. मग एकदम रडू थांबलं. कामं चोख, तोंडावर हसू. मामी म्हणाली, रुळली एकदाची. मी माझ्या रिबिनी वाटून टाकल्या, आईचा कुंकवाचा करंडा शेजारच्या काकूंच्या मुलीला दिला. बायका चिडवायच्या, स्थळ आलं वाटतं गावाकडून, आत्तापासूनच आवराआवर? मीही त्यांच्यात हसायचे.

काकू तेवढ्या हसल्या नाहीत. करंडा घेऊन आल्या, मला बाजूला बसवलं.

"आईचा करंडा कुणी देऊन टाकतं का गं? जीव द्यायचं मनात आहे तुझ्या?"

इतकं सरळ कुणी विचारेल असं वाटलंच नव्हतं. मी हो म्हटलं.

त्या ओरडल्या नाहीत की रडल्या नाहीत. मामाला बोलावून सगळं सांगितलं. तो खाली मान घालून ऐकत राहिला. त्या दिवसापासून मी काकूंकडे झोपायला. भाजी निवडताना, नळावर, कुठेच त्या मला एकटी सोडत नसत.

गौरी आल्या. काकूंच्या उंबऱ्यापासून आतपर्यंत रांगोळीची पावलं उमटली होती. तेरड्याची गौर त्यांनी माझ्याच हातात दिली. आत मामी बाळाला कडेवर घेऊन उभी. माझा पाय उचलेना.

"चल. तुझ्याच पायांनी येऊ दे ती," काकू म्हणाल्या.

आतल्या बाईने विचारायचं असतं, गौर कशाच्या पावलांनी आली? सगळ्या मामीकडे बघत होत्या. तिने आधी माझ्या पायांकडे पाहिलं. मग बाळाला सावरत तिने हळूच विचारलं.

"सोन्याच्या पावलांनी," मी म्हटलं, आणि आत आले.

अजूनही कुणाचा उंबरा ओलांडताना मी थबकते. आणि घरातलं एखादं पोर बरेच दिवस रडून एकाएकी शांत झालं, की हातातलं काम टाकून मी त्याच्याजवळ जाऊन बसते. काकूंसारखं, सरळ विचारते.