सांग तुझ्या बाबांना

आमच्या घरात नवरा-बायको एकमेकांशी सरळ बोलत नाहीत. भांडण वगैरे काही नाही, पद्धतच तशी पडली. लग्न झालं तेव्हा सोलापूरला सासू-सासऱ्यांसमोर नवऱ्याशी थेट बोलणं म्हणजे आगाऊपणा. म्हणून मी छोट्या पुतण्याला सांगायची, "जा, काकांना म्हणावं पाणी तापलंय." पुढे यांना बंगळुरात सरकारी कारखान्यात इंजिनिअरची नोकरी लागली आणि आम्ही जयनगरला आलो. इथे समोर सासू नव्हती की सासरे नव्हते, पण तोवर मुलगी झाली आणि आमचं टपाल तिच्या हाती गेलं. "बाबांना सांग, पानं वाढलीत." "आईला विचार, माझा चष्मा कुठे ठेवलाय." मुलगी शिकून परदेशी गेली तेव्हा घरात दोन कुत्री होती. टपालाचं काम त्यांच्याकडे आलं. त्यांनी ते कधी पोचवलं नाही, पण कटकटही केली नाही.

थोरला लॅब्रेडॉर, मुलीने हट्ट करून आणलेला. धाकटी इथल्याच शिवाजीनगरच्या एका गॅरेजच्या दारातून यांनी उचलून आणलेली, तपकिरी, हडकुळी आणि महा आगाऊ. थोरल्याची नजर गेल्यापासून धाकटीच्या गळ्यात आम्ही घुंगरू बांधलं होतं. त्या आवाजामागे तो घरभर फिरे. त्यामुळे एकाला ठेवून दुसऱ्याला द्यावं असाही मार्ग उरला नव्हता. द्यायची तर दोन्ही द्यायची.

आणि द्यायचं ठरलं ते थकून, याला दुसरा शब्द नाही. घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. माझे गुडघे कामातून गेलेले, यांच्या हृदयात स्टेंट बसवलेला. थोरल्याला जिन्यावरून आम्ही दोघं उचलून न्यायचो, एक पुढून आणि एक मागून, आणि प्रत्येक मजल्यावर तिघंही धापा टाकत बसायचो. धाकटीला मांजर दिसलं की ती साखळीच्या टोकाला माणूस आहे हे विसरे. एकदा तिने यांना फूटपाथवर आडवंच केलं. डॉक्टर म्हणाले, आता पुरे. मुलगी फोनवर म्हणाली, आता पुरे. मीही म्हणाले, अर्थात आमच्या पद्धतीने: "सांगा तुमच्या बाबांना, माझ्याच्याने आता होत नाही." हे धाकटीच्या कानामागे खाजवत राहिले. मग म्हणाले, "आईला म्हणावं, दिसतंय मला."

यांच्या कारखान्यातले एक जुने सहकारी, बेळगावकडचे, निवृत्तीनंतर कावेरीतल्या एका बेटावर नारळाची बाग करून राहिले होते. मळवळ्ळीच्या पुढे एके ठिकाणी नदी फुटते आणि थोड्या अंतरावर पुन्हा एक होते, त्या मधल्या जागेत. ते म्हणाले, घेऊन या, दिवसभर राहा, कुत्र्यांना मानवलं तर ठेवून जा.

थंडीचे दिवस होते. पहाटे निघालो. मागच्या सीटवर जुनी चादर टाकून दोघांना बसवलं होतं. कनकपुरा रस्त्याला आमचं एक ठरलेलं हॉटेल आहे, तिथे यांनी गाडी थांबवली आणि मान मागे वळवली. "विचार तुझ्या आईला, कॉफी घेणार का?"

"सांग बाबांना, घेईन म्हणावं. साखर कमी."

यांनी दोन कॉफ्या आणल्या आणि कागदात दोन इडल्या, चटणीशिवाय, एकेकाला एक. हे सगळं नेहमीचंच. त्या दिवशी मात्र इडली कुस्करताना मी पदराने डोळे पुसले, आणि लगेच रागही आला. रडायचंच होतं तर निघालो कशाला? पण राग करायलाही जोर लागतो. मी कॉफी पिऊन डोळे मिटून घेतले.

नदीकाठी मित्र स्वतःच होडी घेऊन उभे होते. मोठ्या टोपलीसारखी गोल होडी, बसलं की आधी स्वतःभोवती गिरकी घेणार आणि मग पुढे जाणार. "या वैनी, मधी बसा की," ते म्हणाले. "स्वल्प हलत्या, पण बुडत न्हाई." धाकटी वल्ह्यावर भुंकत राहिली. थोरला माझ्या पावलांवर बसला आणि थरथरत राहिला. पायांना मुंग्या आल्या तरी मी ते हलवले नाहीत.

बेट इतकं शांत होतं की सुरुवातीला मला वाटलं, माझे कान बिघडले. मग हळूहळू पाण्याचा आवाज यायला लागला, झावळ्यांचा यायला लागला. मित्रांच्या बायकोने, त्यांना आम्ही अक्का म्हणतो, अंगणातूनच कानडीत "बा, बा", ये ये, म्हणून हाका मारल्या आणि दोन्ही कुत्री माझ्याकडे न बघता निघून गेली. अक्कांनी त्यांना मुद्दे, म्हणजे नाचणीच्या उकडीचा गोळा, ताकात कालवून दिला. त्यांनी ताटल्या चाटूनपुसून लख्ख केल्या. मी पहाटे उठून केलेला दहीभात डब्यात तसाच राहिला. मग धाकटी बागेत उधळली. घुंगरू कधी या झाडाकडून तर कधी त्या झाडाकडून वाजे. थोरला पहिल्यांदा एका बुंध्यावर आपटला, दुसऱ्यांदा आपटता आपटता राहिला, नंतर सरावला. जिना नव्हता ना तिथे. इतक्या दिवसांत तो धावतोय हे मी पहिल्यांदा बघत होते.

जेवणं झाली. मित्र आणि अक्का जरा पडायला आत गेले. आम्ही दोघं पाण्याच्या कडेला एका खडकावर, झाडाच्या सावलीत बसलो. यांची दुपारची गोळी राहिली होती. मी तोंड उघडलं, "सांग तुझ्या..." आणि आजूबाजूला पाहिलं. कुणीच नव्हतं. घुंगरू लांब कुठेतरी बागेच्या टोकाला वाजत होतं.

मी तोंड मिटलं. हे पाण्याकडे बघत होते. त्यांनाही काहीतरी म्हणायचं होतं, कारण दोनदा त्यांनी घसा साफ केला आणि दोनदा सोडून दिलं. शेवटी मी पर्समधून गोळी काढून त्यांच्यापुढे खडकावर ठेवली. त्यांनी ती घेतली, वर पाणी प्यायले. ऊन सरकून आमच्या पायांवर आलं तरी आमच्यात एक शब्द झाला नाही.

तेव्हा मला भीती वाटली. कुत्री जाणार याची नव्हे, त्यांचं इथे बरंच होणार होतं, ते डोळ्यांना दिसत होतं. भीती वाटली ती जयनगरच्या त्या घराची. उद्या सकाळी चहा झाल्यावर मी कुणाला सांगणार? असंच खडकावर गोळी ठेवल्यासारखं सगळं यांच्यापुढे ठेवत जायचं आणि यांनी ते उचलत जायचं? एवढ्या वर्षांच्या संसारात आम्हाला दोघांना मिळून एक वाक्य धड येत नव्हतं. कुत्री परत घेऊन जाऊ या, असं अगदी ओठांवर आलं. पण ते आमच्या सोयीसाठी झालं असतं. त्यासाठी त्या आंधळ्या जिवाला पुन्हा तिसऱ्या मजल्यावर नेऊन कोंडायचं? आणि घेऊन जाऊ या हेसुद्धा सांगायचं कुणाला, हा प्रश्न होताच.

उन्हं कलल्यावर निघालो. अक्का काठापर्यंत आल्या. म्हणाल्या, "जाताना हाक मारू नका हं. बोलूबी नका. तुमचा आवाज ऐकला तर म्हातारा सरळ पाण्यात उतरंल." धाकटी गोठ्याकडे वासराशी ओळख काढत होती. थोरला मात्र काठावर येऊन उभा राहिला, नाक वर करून. होडीने गिरकी घेतली आणि निघाली. आम्ही दोघं तोंड मिटून बसलो. तसा सराव आम्हाला भरपूर होता. पण यांनी होडीची कड इतकी घट्ट धरली होती की बोटं पांढरी पडली. मधेच गोठ्याकडून घुंगरू वाजलं. थोरल्याने मान फिरवली आणि तो त्या आवाजाकडे चालत गेला. हे रडत होते. त्यांची आई गेली तेव्हा मी त्यांना रडताना पाहिलं होतं, त्यानंतर आत्ताच.

गाडीत बसलो. वाटेत मी झोपेचं सोंग घेतलं, मग खरंच डुलकी लागली. जाग आली तेव्हा गाडी थांबली होती. सकाळचंच हॉटेल. यांची मान मागे वळली.

"विचार तुझ्या..." ते म्हणाले आणि थांबले.

मागे केसांनी भरलेली चादर होती, बाकी काही नाही. हे तिच्याकडेच बघत राहिले. मीही त्या चादरीलाच उत्तर देऊ शकले असते. सवयीचं होतं, सोपं होतं, मी मरणाची दमलेली होते. पण एकदा रिकाम्या सीटला उत्तर दिलं असतं तर मग आयुष्यभर रिकाम्या सीटशीच बोलत राहिले असते.

"अहो," मी म्हटलं, "मी इकडे आहे."

त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. नव्या माणसाला विचारावं तसं, अडखळत, त्यांनी विचारलं, "कॉफी... घेतेस?"

"घेते. साखर..."

"कमी," ते म्हणाले, आणि दार उघडून उतरले.

परत आले तेव्हा हातात दोन कॉफ्या होत्या आणि कागदात दोन इडल्या, चटणीशिवाय. आपण काय आणलं ते गाडीत बसल्यावर त्यांच्या लक्षात आलं. फेकवत तर नव्हत्या. मग एक त्यांनी खाल्ली आणि एक मी.