पुस्तक आपटणाऱ्या आक्का

आमच्या आक्का पुस्तक मिटायच्या नाहीत, आपटायच्या. नळदुर्गात हमरस्त्याला लागून त्यांचं कापडाचं दुकान होतं. दुपारी गिऱ्हाईक नसलं की गादीवर मांडी घालून, चष्मा नाकाच्या शेंड्यावर ठेवून त्या वाचत बसत, आणि मधेच 'फाट्' असा आवाज येई. शेजारच्या चहावाल्याला तो आवाज ओळखीचा झाला होता. "आक्का, आज कोण मेलं?" असं तो तिथूनच विचारी.

"मेलं न्हाय, मारलं! चांगली चाललेली बाई लेखकानं उगंच हिरीत ढकलली. त्याला पुढं काय करावं सुचंना, म्हनून!"

थोड्या वेळानं तेच पुस्तक उचलून, पदरानं पुसून त्या पुन्हा उघडत. वाईट पुस्तकावर त्या कधी रागावल्या नाहीत. ते त्या अर्ध्यातच ठेवून देत. राग असे तो ज्याला लिहिता येत होतं आणि तरी ज्यानं आळस केला त्याच्यावर.

मी इथल्या शाळेत नुकताच रुजू झालो होतो. मासिकांत काही कथा छापून आल्या होत्या, त्यामुळं शर्टाचं कापड घेतानाही मी लेखक असल्याचं आक्कांच्या कानावर घातलं. त्यांनी तागा उलगडता उलगडता विचारलं, "अलीकडं काय वाचलं तुमी, मास्तर?" मी म्हणालो, लिहिण्यातून वाचायला वेळच मिळत नाही. आक्कांचा हात थांबला. "म्हंजे दुकानात माल भरायचा न्हाय, आन् इकायला बसायचं?" एवढं बोलून त्यांनी कापड कापलं, आणि पुडक्याबरोबर एक जुनी कादंबरी माझ्या हातात ठेवली. "ह्यात बापाचं मरान किती ओळीत लिवलंय ते बघा. मग तुमच्या गोष्टीतलं मरान काढून बघा."

मी घरी जाऊन पाहिलं. त्या लेखकानं बापाचं मरण तीन ओळींत संपवलं होतं आणि मला दोन दिवस जेवण गेलं नाही. माझ्या कथेतला म्हातारा अडीच पानं मरत होता.

रविवारी दुपारी दुकानाच्या मागच्या खोलीत आक्कांची बैठक भरे. गल्लीतल्या बायका, एखादा निवृत्त पोस्टमन, सरकारी दवाखान्यातल्या शकीला सिस्टर. कुणीतरी मोठ्यानं वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. आक्कांचं घरातलं बोलणं कानडी, त्यामुळं ऐकवेनासं झालं की त्या हात वर करून म्हणत, "साकु!" म्हणजे पुरे. तिथं नियम एकच होता. लिहिणारा समोर असला तर सगळ्यांचं बोलून होईपर्यंत त्यानं तोंड उघडायचं नाही.

तिथं मी माझी सगळ्यात आवडती कथा वाचली. नवरा ट्रकवर गेलेला, बायको दारात उभी राहून वाट पाहते. क्षितिज, धूळ, सावल्या, सगळं मी मन लावून लिहिलं होतं. वाचून झालं तेव्हा खोली गप्प होती. मला वाटलं, बायका भारावल्या. मग शकीला सिस्टर सावकाश म्हणाल्या, "सर, ये औरत दिनभर दरवाजे में खडी है, तो रोटी कौन पकाता?"

बायका खो-खो हसल्या. मी नियम मोडला. "ती प्रतीक्षेचं प्रतीक आहे," मी चिडून म्हणालो.

"मग प्रतीकाला भूक लागत न्हाय व्हय?" आक्का म्हणाल्या.

मी कागद गुंडाळून निघून आलो. ह्या बायकांना साहित्यातलं काय कळतं, असं आठवडाभर स्वतःशी बडबडत होतो. पण कथा पुन्हा वाचायला घेतली की ती बाई दारात उभीच राहीना. तिला कणीक मळायची होती, सासऱ्याला औषध द्यायचं होतं. शेवटी मी तिला चुलीपुढं बसवलं. ती रोज एक भाकरी जास्तीची थापते आणि दुसऱ्या दिवशी ती शिळी भाकरी स्वतःच खाते, एवढंच लिहिलं. क्षितिज गेलं, धूळ गेली. पुढच्या रविवारी ती ऐकून कुणी हसलं नाही. आक्का म्हणाल्या, "आता टेकली ही बाई जमिनीला."

आज कार्यशाळा घेणारे लोक लेखनाची तंत्रं सांगतात तेव्हा माझं डोकं फिरतं. ह्यांतल्या किती जणांनी आपलं पान ओळखीपाळखीच्या नसलेल्या माणसापुढं वाचलंय आणि तोंड बंद ठेवून ऐकून घेतलंय? आपापसांत प्रस्तावना लिहायच्या, आपापसांत शाली पांघरायच्या आणि वर वाचक उरला नाही म्हणून गळे काढायचे. वाचक होता. त्याला तुम्ही खाली बसवलंत. मी डोळ्यांनी पाहिलंय.

धाराशिवला एका कादंबरीकाराचा सत्कार होता. मूळचे आपल्या जिल्ह्यातले, आता पुण्यात स्थायिक. माकणीच्या धरणात बुडालेल्या गावावर त्यांनी मोठी कादंबरी लिहिली होती. आक्कांचं माहेर त्या पाण्याखाली गेलेलं. ही कादंबरी त्यांनी आपटली नाही. वाचून झाल्यावर उशाशी ठेवली आणि मला म्हणाल्या, "मास्तर, त्या सायबाला भेटायचंय." आम्ही दोघं एसटीनं गेलो. आक्कांनी ठेवणीतलं इरकली लुगडं नेसलं होतं.

भाषणं संपत आली तेव्हा आक्का उभ्या राहिल्या. "सायब, पुस्तक चांगलं जमलंय. मोर्चा हाय, कचेरी हाय, पुढारी हाय. पण बायका कुठं गेल्या? गाव उठलं तवा गाडीत सामान कुनी भरलं? आमच्यातल्या एकीला तरी तुमी इचारलं व्हतं का?"

सूत्रसंचालक हसत म्हणाला, "आजी, कार्यक्रमात प्रश्नोत्तरं नाहीत. वेळ कमी आहे, बसून घ्या." कादंबरीकारांनी माइक जवळ ओढला. "वाचकानं आस्वाद घ्यावा. लेखकाला शिकवू नये." आणि सभागृहानं टाळ्या वाजवल्या! त्या टाळ्या अजून माझ्या कानशिलात वाजतात. मी उभा राहून ओरडलो, "त्यांचं गाव आहे ते! उत्तर द्या!" दोन स्वयंसेवक धावत आले. आक्कांनी माझी बाही धरली. "चला मास्तर. ह्यास्नी ऐकायचं न्हाय."

परतीच्या गाडीत मी धुमसत होतो. "त्यांनी उत्तर द्यायलाच हवं होतं," मी पुन्हा पुन्हा म्हणत होतो. तुळजापूर मागं पडल्यावर आक्का बोलल्या. "मला उत्तर नगं व्हतं. त्यानं उलटं इचारायला पायजे व्हतं, काय भरलं व्हतं गाडीत म्हनून."

मी विचारलं, "काय भरलं होतं, आक्का?"

त्या खिडकीबाहेर बघत सांगू लागल्या. आईला जातं न्यायचं होतं. त्याची खालची दगडी तळी जमिनीत पक्की रोवलेली. ती उकरायला वेळ नाही, गाडीत जागा नाही, असं म्हणत पुरुषांनी बैल जुंपले. आईनं वरची तळी उचलून गाडीत ठेवली. नव्या घरात ती भिंतीला टेकवून ठेवलेली असे. खालची पाण्यात राहिली. "कशावर दळनार? पर शेवटपावतर तिनं ती कुनाला हलवू दिली न्हाय."

एक प्रश्न विचारला असता तर हे त्या माणसाला फुकट मिळालं असतं. त्यानं ते टाळ्यांवर घालवलं. पुढं त्याच कादंबरीला पारितोषिकही मिळालं.

मी आक्कांना विचारलं, हे मी लिहू का? त्या म्हणाल्या, "लिवा. पर छापायच्या आधी मला वाचून दावा." मी लिहिलं आणि दुकानाच्या गादीशेजारी बसून वाचलं. भिंतीला टेकलेल्या तळीपर्यंत आलो. पुढं तिचा अर्थ उलगडणारा एक परिच्छेद होता, उजाडपण वगैरे. त्यातलं पहिलं वाक्य संपायच्या आत आक्कांचा हात वर झाला.

"साकु. पुढचं मला कळतंय, मास्तर."

मी तो परिच्छेद तिथंच खोडला. कुठं थांबायचं हे मला त्या दिवसापासून थोडंफार कळतं.

गेल्या हिवाळ्यात आक्का गेल्या. मुलानं दुकान विकलं, आता तिथं मोबाइलची कव्हरं लटकतात. शोकसभा मात्र दणक्यात झाली. ज्या मंडळींनी त्यांना आजी म्हणून खाली बसवलं होतं, त्यांनीच 'रसिकाग्रणी' असा फलक लावला. कादंबरीकारांचा शोकसंदेश वाचून दाखवला गेला, त्यात त्यांनी आक्कांना 'मूक वाचक' म्हटलं होतं. मूक! मी तिथून उठून आलो.

आता माझं नवीन पुस्तक लिहून झालंय. ज्याला पाठवावं तो फोनवर टाळ्यांची चित्रं पाठवतो. 'अप्रतिम सर' लिहितो. वाचायला जितका वेळ लागेल त्याच्या आतच लिहितो. परवा वैतागून मी कागद घेऊन शकीला सिस्टरांच्या घरी गेलो. त्यांनी सगळं नीट वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाल्या, "चांगलं झालंय, सर."

माझा तोल गेला. "तुम्हीसुद्धा? चांगलं म्हणून मला वाटेला लावू नका!"

सिस्टरांनी कागद सारखे करून मांडीवर ठेवले. मग म्हणाल्या, "आक्का गेल्यापासून तुम्ही उतरून गेलात. बोलायला जीव झाला नाही माझा."

"बोला," मी म्हणालो.

"सच बोलू?"

मी मान हलवली. त्यांनी चष्मा परत चढवला, पानं उलटी करून पहिलं पान वर घेतलं आणि त्यातल्या पहिल्याच वाक्यावर बोट ठेवलं. "हे कुणासाठी लिहिलंय?"

मी तोंड बंद ठेवलं आणि ऐकायला लागलो.