पुन्हा वाकलेले गज

मी जन्माची संशयी. शेजारणीनं वाटीभर आमटी आणून दिली तरी, हिचं आज काय काम असेल, हाच विचार आधी येतो.

आयटीआय करून गेवराईच्या एका वर्कशॉपात टर्नर म्हणून लागले, तिथं तर संशयाला जागाच होती. मला मिळालेला नवा लेथ, म्हणजे धातू फिरवून कापायचं यंत्र, आधी काकांचा होता. नात्याचे नव्हेत, पण वयामुळं सगळेच त्यांना काका म्हणायचे. चौदा वर्षं तिथं काढलेल्या या माणसाला मालकानं जुन्या खडखड्या लेथवर पाठवलं आणि नव्यावर मला उभं केलं. काका चकार शब्द बोलले नाहीत. गप्प माणसाचा मला जास्तच संशय येतो.

उन्हाळ्यात एका कॉलेजातले सर सहा गज घेऊन आले. निकेल-टायटॅनियमचे, करंगळीएवढे जाड, सगळे एकसारखे किंचित वाकलेले. ऊन तापलं की पिकावरच्या शेडनेटची खिडकी आपोआप उघडावी, असा त्यांचा खटाटोप होता. गजांच्या दोन्ही टोकांना खाचा पाडून हव्या होत्या. या धातूला म्हणे आपला आकार आठवतो, असं मालकानं आम्हाला सांगितलं आणि तो हसला. मीही हसले.

आमच्याकडं येणारं लोखंड बहुतेक भंगारातलं, वाकडंतिकडं. त्यामुळं गज हाती आला की आधी लाकडी हातोडीनं सरळ करायचा, मग लेथला लावायचा, ही आमची रीत. सहाही गज मी सरळ केले. ते इतके सहज सरळ झाले की मला बरं वाटलं. पण लेथवर हाच मऊ धातू हट्टाला पेटला. वेग कमी केला, गारव्यासाठी कूलंट सोडलं, तरी दोन खाचांत टूलची धार गेली. टूल नुसतं घासलं तरी जागा आणखी टणक व्हायची. दुपारपर्यंत जेमतेम एक गज झाला. उरलेले पाच खिडकीजवळच्या पत्र्याच्या फळीवर ठेवून मी घरी जेवायला गेले. काका मशीनपाशीच डबा खायचे.

परत आले तर पाचही गज वाकलेले.

पुन्हा सरळ केले; नवं टूल येईपर्यंत पुढचं काम थांबलं होतं. दुसऱ्या दिवशी जेवून आले, पुन्हा तेच. पाणी कुठं मुरतंय ते मला लगेच कळलं, म्हणजे कळलं असं वाटलं. काका एकदा जवळ येऊन म्हणालेही होते, "पोरी, ह्याला ठोकू नको. हे लोखंड न्हाई." मला ती धमकी वाटली. तिसऱ्या दिवशी मी गजांवर खडूची पूड भुरभुरून गेले. परतले तर गज वाकलेले, पण पुडीवर बोटाचा एक ठसा नाही. शहाण्या माणसाला तिथंच उमगलं असतं. मी मात्र ठरवलं, काकांनी चिमटा वापरला.

सरळ मालकाकडं जाऊन काका गज वाकवतात म्हणून सांगितलं. मालकानं काकांना बोलावून उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं. काकांनी हात पुसले, डबा उचलला आणि ते गेले. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. खरं सांगते, मला तेव्हा जिंकल्यासारखं वाटलं.

दुसऱ्या दिवशी गज पुन्हा सरळ करून फळीवर ठेवले आणि जेवणाच्या सुट्टीत वर्कशॉपात मी एकटीच थांबले. खिडकीतून ऊन फळीवर आलं, पत्रा तापला. थोड्या वेळानं पहिला गज हलला. मग दुसरा. कुणी हात न लावता पाचही गज माझ्यासमोर हळूहळू आधीसारखे वाकले. ऊन लागलं की धातूला खरंच आपला आकार आठवत होता.

मालकाला सांगितलं आणि संध्याकाळी एक गज सरळ करून काकांच्या घरी गेले. काकूंकडून पातेलंभर कडकडीत गरम पाणी मागून घेतलं आणि गज त्यात सोडला. तो वाकला. काका पातेल्यातल्या गजाकडं बघून म्हणाले, "मालकाकडं जायच्या आधी मला काहून न्हाई इचारलंस? मी तितंच तर बसलेलो व्हतो."



मालकानं काकांना परत बोलावलं. गज ओल्या फडक्यात, सावलीत ठेवून आम्ही दोघांनी मिळून खाचा पाडल्या. काम चांगलं झालं, सर खूश झाले.

त्याला आता दोन वर्षं होतील. काका माझ्याशी नीट बोलतात, टूलला धारही लावून देतात. पण जेवणाची सुट्टी झाली की ते डबा घेऊन बाहेर लिंबाखाली जातात, पावसातसुद्धा. जाण्याआधी माझ्या लेथपाशी येऊन उभे राहतात आणि म्हणतात, "तुजं सामान मोजून घे." मी नको म्हणून पाहिलं, हातसुद्धा जोडले. मी मोजल्याशिवाय ते तिथून हलत नाहीत. म्हणून मी रोज त्यांच्यासमोर मोजते.