चाळीस किलोमीटरवरचा टोमणा

पारे डोंगरातल्या आमच्या उसांगी गावात एलिआमिनी म्रुतूला लोक ‘छत्रीवाला म्हातारा’ म्हणायचे. त्याच्या घराच्या पत्र्यावर टीव्हीची एक जुनी छत्री होती. बाकीच्यांच्या छत्र्या आभाळाकडे बघतात. याची मात्र सरळ समोर, मैदानापलीकडे, किलिमांजारोच्या उतारांकडे तोंड करून उभी. तिच्या दांडीवर दूध पावडरचा रिकामा डबा बसवलेला. पोरं म्हणायची, म्हातारा डोंगराची धार काढतोय. एलिआमिनीला त्याचा राग येत नसे. कुणी नीट विचारलं तर तो त्याला शिडीवरून वर नेऊन सगळं दाखवायला एका पायावर तयार असायचा. पण विचारायला कुणी येत नव्हतं.

तीस वर्षं तो शाळेच्या प्रयोगशाळेत मदतनीस होता. निवृत्त झाला तेव्हा शाळेने भंगारात काढलेला एक संगणक उचलून घरी आणला, खोलला, पुसला, जोडला आणि त्यात लिनक्स घातलं. ते फुकट मिळतं म्हणून घातलं, असं कुणीही म्हणेल, कारण आम्ही पारे लोक चिकट म्हणून प्रसिद्धच आहोत. पण एलिआमिनीला त्यातली दुसरीच गोष्ट आवडली होती. त्या सॉफ्टवेअरची ओळ न् ओळ कुणालाही उघडून वाचता येते. जी वस्तू आपलं झाकण उघडू देत नाही ती आपली नव्हेच, असं तो म्हणायचा. हे त्याने बायकोलाही अनेकदा ऐकवलं होतं. बायको, नाकिएते, चार वर्षांपूर्वी नातवंडं सांभाळायला म्हणून मुलाकडे दार-एस-सलामला गेली ती तिकडचीच झाली. तेव्हापासून घरात तो, संगणक आणि एक कोंबडी.

आणि न्देलिलियो शायो. पण तो घरात नव्हता, चाळीस किलोमीटर लांब होता.

दोघांची गाठ पडली ती मोशीच्या बाजारात, जुन्या यंत्रांच्या एका दुकानात. एकाच राउटरवर दोघांनी हात ठेवला. एलिआमिनीच्या हाताखालून राउटर ओढत तो उंच म्हातारा म्हणाला, “सोड. पारे दिसतोस. तू काही घ्यायचा नाहीस, नुसता कुरवाळून परत ठेवशील.”

“आणि तू चागा दिसतोस,” एलिआमिनी म्हणाला. “आत्ता घेशील आणि दारातच मला दुप्पट भावाने विकशील.”

झालं, जमलं. पारे आणि चागा या शेजारच्या दोन जमातींत थट्टेचं नातं असतं, पणज्यांच्याही आधीपासून चालत आलेलं. एकाने दुसऱ्याला काहीही बोलावं, दुसऱ्याने रागवायचं नाही. मयतातसुद्धा ही मुभा असते, किंबहुना तिथे ती जबाबदारीच असते. चागा मेला की त्याच्या पारे दोस्ताने खड्ड्यात उतरून आडवं व्हायचं, ‘आधी मला बकरा द्या, मग याला पुरा’ म्हणून हटून बसायचं, मेलेल्याच्या नकला करायच्या आणि रडणाऱ्यांना हसवायचं. तो आला नाही तर मयत अळणी होतं.

न्देलिलियो कॉफी सोसायटीतला निवृत्त कारकून. त्यालाही हेच खूळ. त्याचं घर पलीकडे म्विकाच्या उतारावर, आणि मध्ये नुसतं मैदान. सकाळी ढग यायच्या आत एलिआमिनीच्या पत्र्यावरून त्याचा डोंगर हात लावावा इतका स्वच्छ दिसतो. मग तारेशिवाय बोलता का येऊ नये? दोघांनी एकेक छत्री आणि लहरी पकडायला एकेक डबा मिळवला आणि कामाला लागले.

अडचण एकच होती. हे राउटर घरातल्या घरात बोलायला केलेले. हाक मारली आणि उत्तर ताबडतोब आलं नाही, तर पलीकडे कुणी नाही असं समजून ते गप्प बसतात. इतक्या लांबून उत्तर यायला जरासा उशीर होणारच. म्हणून दोघांनी आतलं मूळ सॉफ्टवेअर पुसून मुक्त सॉफ्टवेअर घातलं आणि त्यातला एक आकडा वाढवला: उत्तराची वाट किती वेळ बघायची, तो. सात महिने हे चाललं. एका सकाळी एलिआमिनीच्या पडद्यावर अक्षरं उमटली: “पारे, हे फुकट आहे ना? मग तू असशीलच.” एलिआमिनी पत्र्याखाली एकटाच नाचला.

त्यानंतर नऊ वर्षं रोज सकाळी सात वाजता एक टोमणा इकडून, एक तिकडून. एवढ्या खटाटोपाचा उपयोग तेवढाच. आमच्याकडे माणूस भेटला की रात्र कशी गेली, घरचे कसे आहेत, गाय कशी आहे, हे सगळं विचारून झाल्याशिवाय कुणी मुद्द्यावर येत नाही. या दोघांनी पैज लावली होती की जो आधी खुशाली विचारील तो हरला. फोन नंबरसुद्धा दिले-घेतले नाहीत, कारण फोनवर ‘कसा आहेस’ तोंडातून निसटतंच. नऊ वर्षांत कुणी हरलं नाही.

यंदा भाताची लावणी झाली त्या सुमारास एक गोष्ट घडली. एका मंगळवारी तिकडून आलं, “पारे, तुझ्या घरी उंदीर येतात ते आपापला डबा घेऊन.” एलिआमिनी पोट धरून हसला. पुढच्या आठवड्यात शुक्रवारी तोच टोमणा परत आला.

त्याने लिहिलं, “काय रे चागा, तेच केळं दोनदा विकतोस?”

उत्तर आलं, “पारे, तू बकरीच्या दाव्यापायी कोर्टात जाऊन गाय घालवशील.”

उत्तर चांगलं होतं, पण प्रश्नाचं नव्हतं. एलिआमिनीचा चहा तसाच निवला. न्देलिलियो असा नव्हता. केळ्याचा विषय निघाल्यावर चागा माणूस केळं सोडून गायीवर जाईल?  एलिआमिनीला भीती वाटत होती आणि आपल्याला भीती वाटतेय याची लाजही वाटत होती. शेवटी त्याने नऊ वर्षांत जे लिहिलं नव्हतं ते लिहिलं.

“न्देलिलियो, बरा आहेस ना?”

क्षणात उत्तर आलं. “पारे, तू चहात पावडर घालतोस की नुसती पातेल्याला दाखवतोस?”

खऱ्या न्देलिलियोने असा प्रश्न वाचला असता तर ‘हरलास! हरलास!’ म्हणून पडदा भरून टाकला असता. हे उत्तर त्याचं नव्हतं, यंत्राचं होतं. एलिआमिनीने कोंबडी शेजारी दिली आणि खाली जाणारी बस पकडली.

छत्रीला जे अंतर पापणी लवायच्या आत कापता येतं त्याला रस्त्याने दिवस गेला. घाट उतरून म्वांगा, तिथून हिमो, मग उतारावर चढणारी खचाखच गाडी. म्विकाला पोचला तेव्हा ऊन कलतं होतं. केळीच्या बागेतलं घर त्याने छत्रीवरून ओळखलं. त्याच्याकडेच तोंड करून उभी होती. अंगणात मांडवाच्या खांबांचे खड्डे तेवढे उरले होते, चुलीच्या तीन दगडांमध्ये राख होती, आणि पायरीवर न्देलिलियोची बायको आइका कांग्याचं काळं वस्त्र पांघरून बसली होती. शेजारी तिचा थोरला दीर, काठीवर हनुवटी टेकून.

“आलात?” आइका म्हणाली. “अकरा दिवसांनी?”

एलिआमिनीने डोक्यावरची टोपी काढली.

“खड्डा खणून दुपारपर्यंत थांबलो आम्ही,” ती म्हणाली. “पाद्री घड्याळ बघत होते. मी म्हटलं, थांबा, त्यांचा पारे येईल, खड्ड्यात लोळल्याशिवाय राहणार नाही. कुणी आलं नाही. मुकाट्याने पुरलं त्यांना. कुणी हसलंसुद्धा नाही.”

“वहिनी, मला कळलंच नाही हो.”

“कळलं नाही कसं? त्या खोक्याचा दिवा रोज सकाळी लुकलुकत होता. तुम्ही बोलत होतात ना रोज?”

“मी बोलत होतो,” एलिआमिनी म्हणाला. “मला ते खोकं उत्तर देत होतं.”

आइकाने त्याच्याकडे बघितलं आणि तिचा आवाज उतरला. मग तिने सांगितलं. साखरेच्या दुखण्याने वर्षापूर्वी न्देलिलियोचा एक पाय कापावा लागला होता. कित्येकदा खुर्चीत बसवायचं नाही. “मला म्हणाले, दोन दिवस उत्तर गेलं नाही तर पारे खुशाली विचारील. त्याने विचारलं की मला खोटं बोलता यायचं नाही आणि खरं सांगितलं तर तो रडत बसेल. मग पडल्या पडल्या टोमण्यांची यादी केली. आपण नसलो की यंत्राने त्यातला एक पाठवायचा, अशी सोय केली. स्वतःच लिहायचे आणि स्वतःच हसायचे.”

“म्हणजे वर्षभर ते खोकंच बोलत होतं?”

“कधी खोकं, कधी हे स्वतः. कोणत्या दिवशी कोण, ते आता कोण सांगणार?”

पायाचं एलिआमिनीला ठाऊक नव्हतं. नऊ वर्षं रोज बोलून दोस्ताला पाय एक की दोन हे ठाऊक नव्हतं. हे त्याला इतकं लागलं की तो तिथेच मातीत बसला.

थडगं घरामागे केळींत होतं, माती अजून ओली. शेजारपाजारचे दहा-बारा जण गोळा झाले, कारण पारे आलाय म्हटल्यावर उशिरा का होईना, काहीतरी होणार. एलिआमिनीने खिशातून दोन नाणी काढली. मेलेल्या चागाच्या कानाशी नाणं वाजवावं आणि उठला नाही तर खरंच मेला समजावं, ही थट्टा तो न्देलिलियोशी शंभर वेळा करून चुकला होता. तो गुडघ्यांवर बसला, उशाकडच्या बाजूला वाकला आणि नाणी एकमेकांवर वाजवली. मग कान लावला.

“ऊठ रे चागा,” तो म्हणाला. “मी हरलो. मीच आधी विचारलं.” पुढे नकला करायच्या होत्या, पण त्याने नुसती नाणी पुन्हा वाजवली. कुणी हसलं नाही. एका म्हातारीने कांग्याच्या टोकाने डोळे पुसले.

थोरल्या दिराने खाकरून घेतलं. “बरं, ते जाऊ दे. तुझा हक्क तुला मिळाला पाहिजे. बकरा संपला. ते यंत्र घेऊन जा, छत्रीसकट. आम्हाला त्याचं काही कळत नाही, उगाच वीज खातं. फुकट आहे, घे.”

“नको,” एलिआमिनी म्हणाला.

“अरे, फुकट देतोय!”

“नको. नेऊन काय करू? ते इथेच राहू द्या. चालू राहू द्या.”

क्षणभर कुणाचा विश्वास बसला नाही. मग मागून कुणीतरी ओरडलं, “ऐकलंत का? पारे फुकटचं नको म्हणतोय!” आणि एकदम हशा पिकला. काठीवर टेकलेला दीर खो खो हसताना काठीसकट कलला. “अरे, याला ताप आलाय, दवाखान्यात न्या!” “थांबा, न्देलिलियोला उठवा, हे त्याने बघायलाच पाहिजे!” म्हातारी गुडघ्यांवर थापा मारत होती. आइका कांग्यात तोंड लपवून हसत होती आणि रडतही होती. अकरा दिवस अडून राहिलेलं मयत तेव्हा कुठे पुरं झालं. एलिआमिनीने मात्र थट्टा केलीच नव्हती. दोन्ही यंत्रं त्याच्याच घरी असती तर त्याने हाक कुणाला मारायची होती?

निघताना आइका म्हणाली, “राहील चालू. वीज आमची आणि गप्पा तुमच्या. पारेच तुम्ही!”

घरी परतल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी एलिआमिनी आपल्या संगणकापुढे बसला. पलीकडच्या यंत्रात शिरायचा परवलीचा शब्द न्देलिलियोने त्याला पहिल्याच वर्षी दिला होता. तो आत गेला. समोर ‘पारे’ नावाची फाईल होती. उघडली की सगळी यादी दिसली असती, वरपासून खालपर्यंत. कोणते टोमणे येऊन गेले, कोणते यायचेत, आणि वर्षभरातल्या उत्तरांत कोणती यंत्राची होती आणि कोणती दोस्ताची. आयुष्यभर जो माणूस लोकांना झाकण उघडून बघा म्हणून सांगत आला, त्याने बोट कळीवर ठेवलं, जरा वेळ तसंच ठेवलं आणि उचललं.

मग तो बाहेर आला आणि लिहिलं, “चागा, तुझं थडगं चांगल्या जागी आहे. भाड्याने देशील.”

उत्तर आलं, “पारे, तुझ्या घरी उंदीर येतात ते आपापला डबा घेऊन.”

एलिआमिनी हसला. घरात दुसरं कुणी नव्हतं, कोंबडी अजून शेजारीच होती. समोरचा डोंगर ढगात जाईपर्यंत तो दारात उभा राहिला.

हे सगळं त्याने मला स्वतः सांगितलं. यादीत किती टोमणे उरलेत, असं मी विचारलं. तो म्हणाला, ठाऊक नाही. पारे माणूस, आणि त्याने मोजले नव्हते.