फैजपूरच्या इंजिनातलं खारं पाणी

माझा धंदा डिझेल इंजिन दुरुस्तीचा, जळगावात. पाणी कमी झालं तर कुठेतरी गळतंय, वाढलं तर कुठून तरी शिरतंय... यापलीकडे मी कशावर विश्वास ठेवला नाही. घरी कुणी भुताखेतांचा विषय काढला की मी उठून जायचो. हे इथे लिहितोय, कारण ओळखीच्या माणसाला सांगितलं तर तो आधी माझ्या तोंडाचा वास घेईल.

फैजपूरला सलीमभाईंचं केळी पिकवायचं कोल्ड स्टोरेज आहे. लाईट गेली की चालवायला त्यांनी जहाजतोडणीच्या मालातून जुनं बोटीचं इंजिन आणून जनरेटरला जोडलं होतं. अशा इंजिनात पाण्याचे दोन रस्ते असतात. आत कूलंट फिरतं, आणि त्याला थंड करायला समुद्राचं पाणी नळ्यांच्या कूलरमधून जातं. आमच्याकडे समुद्र कुठला? सलीमभाईंनी विहिरीच्या पाण्याचा हौद जोडला होता.

मे महिन्यात त्यांचा फोन आला. इंजिन तापतंय आणि कूलंटची टाकी उतू जातेय. चेंबर मालाने भरलेले, लाईटचा भरवसा नाही. "भाऊ, केळी काळी पडली तर मी रस्त्यावर येईन," एवढंच म्हणाले.

मला वाटलं, एखादी नळी फुटून हौदाचं पाणी आत शिरत असणार. अख्खा कूलर उतरवला, अ‍ॅसिडने धुतला, हवा भरून पाण्यात बुडवून पाहिला. एक बुडबुडा नाही. मग हेड गॅस्केट, पंप, थर्मोस्टॅट – सगळं बदललं, नवं हिरवं कूलंट भरलं आणि घरी आलो.

आठवड्याने परत तेच.

भरदुपारी पोहोचलो. भाड्याचा जनरेटर लावून हे इंजिन निवू दिलं आणि पाणी सोडायचा खालचा कॉक उघडला. हिरवं कूलंट यायला हवं होतं... आलं नितळ पाणी. वास ओळखीचा नव्हता. बोट बुडवून जिभेला लावलं तर खारट, अगदी कडू लागेल इतकं. हौदावर जाऊन ओंजळभर पाणी प्यायलो. गोड. सलीमभाईंनीही दोन्ही चाखलं आणि पुन्हा एकदा कॉकखाली बोट धरलं.

तेवढ्यात त्यांच्या पत्नी, रेहानाभाभी, चहा घेऊन आल्या. त्यांचं माहेर हर्णैचं, समुद्रकाठचं. त्या दारातच थबकल्या. भरतीचा वास कुठून येतोय, असं त्यांनी विचारलं. मी कॉककडे बोट दाखवलं.

मी पुन्हा कूलर खोलला. नळ्यांच्या तोंडाशी करड्या रंगाचं, खडबडीत काहीतरी चिकटलं होतं. क्षार साठलेत असं वाटलं, पण अ‍ॅसिडने मीच तर धुतलं होतं... भाभींनी कप खाली ठेवला आणि वाकून पाहिलं.

"कालवं आहेत ही," त्या म्हणाल्या. "लहानपणी खडकावरनं काढायचो आम्ही." मग आवाज एकदम खाली आला. "जिवंत आहेत, भाऊ."

त्यातल्या एकाचे शिंपले जरासे उघडे होते. मी बोट टेकवलं.

ते मिटलं.

मी बोट मागे घेतलं. इतक्या वर्षांत शेकडो इंजिनं उघडली, पण आतून काही जिवंत माझ्यापासून अंग चोरेल असं कधी वाटलं नव्हतं.

सलीमभाई ते खरवडून फेकून द्या म्हणत होते. भाभींनी ऐकलं नाही. माझ्याकडून पातळ पत्र्याची पट्टी घेऊन त्यांनी ती हलक्या हाताने सोडवली आणि कॉकमधून आलेल्याच पाण्यात, बादलीत ठेवली. वडील गेल्यापासून त्या माहेरी गेल्या नव्हत्या. आज निघायचं म्हणाल्या. एरवी धंदा टाकून गावाबाहेर न जाणारे सलीमभाई लगेच गाडी काढायला गेले.

हर्णैच्या खडकांत ती सोडली, असं सलीमभाईंनी फोनवर सांगितलं. भाभी पाण्यात गुडघाभर उभ्या राहून रडल्या म्हणे. का, ते त्यांनी विचारलं नाही.

ते इंजिन त्यानंतर कधीच तापलं नाही. कूलंट हिरवं, पातळी जिथल्या तिथे. बोटीवर असतानाचा खारटपणा आत राहिला असेल, असं एका मित्राने सुचवलं. पण कालवांचं काय? कुणाकडे उत्तर असेल तर खरंच सांगा.

सर्व्हिसिंगला अजून मीच जातो. फक्त कूलर खोलायच्या आधी सलीमभाईंना म्हणतो, भाभींना बोलवा.